पाडण्याआधी

“…पण मग कधी? तेवढं सांगा, ताई. बाकी माझं सगळं ठरलेलं आहे.”

सारंग उमाळे नागपूरहून पहाटेच निघाला होता. परतवाड्यानंतरचा घाट धुक्यातून चढत तो चिखलदऱ्याला पोचला आणि गाडीतून उतरल्यापासून याच एका प्रश्नाभोवती बोलत होता.

समोर वसुंधराताई पांढरीपांडे बसल्या होत्या. अंगावर शाल, मांडीवर सूप, सुपात कॉफीच्या वाळलेल्या बिया. त्यांच्या घरामागे कॉफीची चारदोन झाडं होती. त्या बिया निवडत होत्या आणि ऐकत होत्या.

ताईंनी पूर्वी नागपुरात एक काम उभं केलं होतं. विदर्भातले दवाखाने आणि रक्तपेढ्या एका वेबसाइटवर जोडायच्या. कुठल्या गटाची पिशवी कुठे शिल्लक आहे ते कुठल्याही दवाखान्याला बसल्या जागी दिसावं, आणि तिथूनच ती मागता यावी. सुरुवातीला हसणारे पुष्कळ भेटले. मग एकेक दवाखाना येत गेला, आणि हळूहळू ते काम इतकं अंगवळणी पडलं की ते तासभर बंद पडलं तरी कुठेतरी कुणाच्या तरी जिवावर बेतावं. साठी उलटल्यावर ताईंनी ते सारंगच्या हाती सोपवलं आणि इथे डोंगरावर येऊन राहिल्या.

सारंग त्यांचाच विद्यार्थी. हुशार, झपाट्याचा. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

ही वेबसाइट ‘ऑर्लो’ नावाच्या फ्रेमवर्कवर उभी होती. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. त्याच्या आधाराने आपण आपलं घर बांधायचं. आता ऑर्लोच्याच कर्त्यांनी नवा ऑर्लो आणला होता. जुन्याची डागडुजी नव्हती ती. सगळं मुळापासून नव्याने लिहिलेलं होतं. त्यामुळे जुन्यावरून नव्यावर जायचं तर घर उचलून नेता येणार नव्हतं. पाडून पुन्हा बांधावं लागणार होतं.

सारंगला ते बांधायचं होतं. नवा ऑर्लो किती चपळ आहे, त्यात लिहिलेलं किती नेटकं दिसतं, जगात कोण कोण तिकडे निघालंय, हे त्याने ताईंना सविस्तर सांगितलं. टीममधली तरुण मुलं नव्यासाठी उतावीळ झाली होती. फक्त नुसरत आडवी येत होती. नुसरत शेख त्याच्याच बरोबरीची, कामात मुरलेली. तिचं म्हणणं, नव्याला अजून दात यायचेत, थोडं थांबू. हे काम चालवणाऱ्या ट्रस्टच्या मंडळींना यातलं काही कळत नव्हतं. ते म्हणाले, ताईंना विचारा, त्या म्हणतील तसं करू.

म्हणून तो आला होता. खरं तर विचारायला नाही, होकार न्यायला.

ताईंनी सूप बाजूला ठेवलं.

“पाडायचं म्हणतोस. काय पाडायचंय?”

“सगळंच. जुना कोड आहे तो.”

“त्यात काय आहे?”

“सांगितलं ना, जुना कोड.”

“त्यात काय आहे, सारंग?”

 प्रश्न त्याला कळला नाही असं नव्हतं. त्याला तो पोरकट वाटला.

ताई म्हणाल्या, “दवाखान्यांच्या तक्रारी पडून असतील ना?”

तक्रारी होत्या. पुष्कळ होत्या. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण प्रत्येकीवर एकच उत्तर ठरलेलं होतं: नव्यात होईल.

“त्या मिटव. जुन्यातच. मग ये.”

सारंगला हसू आलं. “जे घर पाडायचंय त्याला रंग कशाला द्यायचा?”

ताईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“रागावू नका,” तो म्हणाला, “पण एक बोलतो. हे तुमचं लेकरू आहे. तुम्ही हाताने वाढवलंय. म्हणून तुम्हाला ते पाडवत नाही.”

बाहेर धुकं अंगणात उतरलं होतं. कुंपणही दिसेनासं झालं…

“असेल,” ताई म्हणाल्या. मग त्याच्या कपाकडे बघत म्हणाल्या, “कॉफी निवतेय तुझी.”

घाट उतरताना सारंग चिडलेला होता. ताई थकल्यात, त्याने स्वतःला सांगितलं. माणूस थकला की त्याला प्रत्येक नवी गोष्ट घाईची वाटते. ट्रस्टला त्याने एवढंच कळवलं की ताई नाही म्हणालेल्या नाहीत. ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

आणि त्याने काम सुरू केलं.

एकदम सगळं मात्र हलवलं नाही. तेवढा तो शहाणा होता. रक्त मागायचं पान तेवढं नव्या ऑर्लोत लिहायचं, ते निवडक दवाखान्यांना द्यायचं, चाललं की पुढे जायचं. मुलं भारावून कामाला लागली. जुनं पान उघडायचं, ते काय करतं ते बघायचं, नव्यात अधिक सुबक करून लिहायचं.

त्या जुन्या पानात एका जागी एक विचित्र अट होती. एखाद्या गटाची शेवटचीच पिशवी उरली असेल आणि तिला दोन दवाखान्यांकडून मागणी आली, तर वेबसाइट ती कुणालाच देत नसे. पिशवी अडवून धरी आणि दोन्हीकडे निरोप पाठवी: फोन करा.

सारंगला ते हास्यास्पद वाटलं. यंत्र कशासाठी असतं? आधी आला त्याला द्यावं, सरळ हिशेब. त्याने ती अट गाळून टाकली.

नुसरतने ते पाहिलं. ही अट ताईंनी का घातली असेल ते माहीत आहे का, असं तिने विचारलं. सारंग म्हणाला की जुन्या ऑर्लोला जमत नसेल. नुसरतचं समाधान झालेलं नव्हतं.

नवं पान सुरू झालं. देखणं होतं, झटकन उघडायचं. दवाखान्यांनीही चांगलं म्हटलं. सारंगला वाटलं, ताईंना एकदा दाखवावं.

मग एका दुपारी नुसरतचा फोन वाजला.

मेळघाटातल्या एका दवाखान्यातून फोन होता. एक बाई बाळंत झाली होती आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. तिला ओ निगेटिव्ह हवं होतं. वेबसाइट सांगत होती, शिल्लक नाही. पण अमरावतीच्या पेढीत सकाळी एक पिशवी होती, हे तिथल्या डॉक्टरांनी वेबसाइटवर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ती गेली कुठे?

नुसरतने शोधलं. पिशवी कुठे गेली नव्हती. पेढीतच होती. थोड्या वेळापूर्वी शहरातल्या एका दवाखान्याने दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेसाठी ती मागून ठेवली होती. आधी आला त्याला मिळाली. नव्या पानाने सांगितल्याप्रमाणे, चोख काम केलं होतं.

नुसरतने त्या शहरातल्या सर्जनला फोन लावला. ते शस्त्रक्रियागृहात होते. पुन्हा लावला. तोवर सारंग तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. काय झालंय ते त्याला पडद्याकडे बघूनच कळलं. करण्यासारखं मात्र त्याच्या हाती काही नव्हतं.

अखेर सर्जन फोनवर आले. नुसरतने सांगितलं तेव्हा त्यांनी क्षणभरही वेळ लावला नाही. माझा पेशंट थांबू शकतो, पाठवा, म्हणाले.

गाडी निघाली. मेळघाटचा रस्ता वळणांचा. संध्याकाळ होईपर्यंत नुसरत फोनपाशीच बसून होती.

मग निरोप आला. बाई वाचली होती.

सारंगने नवं पान त्याच वेळी बंद केलं आणि जुनं सुरू केलं. त्याला कुणी दोष दिला नाही. नुसरतही नाही. तिने चहा मागवला आणि एक कप त्याच्यासमोर ठेवला. ते त्याला जास्त लागलं.

त्यानंतर काही दिवस तो नुसता बसून असे. मग एके सकाळी त्याने पडून राहिलेल्या तक्रारी काढल्या आणि पहिलीपासून मिटवायला घेतल्या. जुन्यातच.

सोपं नव्हतं ते. एक तक्रार सोडवायची म्हणजे तिच्या मुळाशी जावं लागे, आणि मुळाशी गेलं की काहीतरी अनोळखी हाताला लागे. मागणी पाठवताना मध्येच रेंज गेली तर जुनं पान ती मागणी जपून ठेवत होतं आणि रेंज आली की आपणहून पाठवत होतं. हे कुणी कधी बोललंच नव्हतं. दवाखान्यांना वाटे, असंच असतं. पिशवीची तारीख तिथे बेढब मोठ्या अक्षरांत होती. सारंगने आजवर तिची थट्टा केली होती. आता त्याने दवाखान्यांत फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की रात्रपाळीच्या थकलेल्या डोळ्यांना दुरून वाचता यावी म्हणून ती तशी होती.

त्याने असे पुष्कळ फोन केले. पुढे फोनवर भागेना, तेव्हा तो जाऊन बघू लागला. पंख्याखाली बसलेली परिचारिका एका हाताने सलाइनची नळी धरून दुसऱ्या हाताने मागणी कशी टाकते, ते त्याने तिच्या शेजारी उभं राहून पाहिलं.

प्रत्येक विचित्र गोष्टीमागे कुणीतरी माणूस होता. पण सगळ्याच गोष्टी तशा नव्हत्या. काही नुसत्या चुका होत्या, घाईत केलेल्या, कुणाच्याही उपयोगाच्या नसलेल्या. सुरुवातीला त्याला दोन्ही सारख्याच दिसत. मग कुठली कुठल्या जातीची ते ओळखू येऊ लागलं. चुका त्याने काढून टाकल्या. बाकीच्यांना हात लावला नाही.

तक्रारी मिटत गेल्या. दवाखान्यांतून त्याला नावाने हाक मारणारे फोन येऊ लागले. आणि कधी ते कळलंही नाही, पण त्या जुन्या कोडवर त्याचा जीव जडला.

इतका, की टीममधल्या एका मुलीने नव्या ऑर्लोचा विषय काढला तेव्हा तो तिच्यावर खेकसला.

दरम्यान जग थांबलं नव्हतं. नव्या ऑर्लोला दात आले. सुरुवातीचे दोष निघाले, मोठी मोठी कामं त्यावर निर्धास्त चालू लागली. ऑर्लोच्या कर्त्यांनी जाहीर केलं की लवकरच ते जुन्या ऑर्लोची दुरुस्ती बंद करणार. म्हणजे उद्या त्यात भोक सापडलं, चोर शिरला, तर बुजवायला कुणी येणार नाही. आणि दवाखान्यांची, रक्तदात्यांची सगळी माहिती तर त्याच घरात. टीममधली दोन मुलं सोडून गेली. विझत आलेल्या चुलीवर आम्ही किती दिवस शिजवायचं, असं जाताना म्हणाली.

एक दिवस नुसरतच म्हणाली, “भाऊ, आता निघायला पाहिजे.”

सारंग चमकला. आडवी येणारी तीच, आणि आता निघायचं म्हणणारीही तीच.

“चालतंय की हे. आपल्याला काय कमी आहे?”

नुसरतने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“ताईंकडे जाऊन या,” ती म्हणाली.

या वेळी तो चिखलदऱ्याला गेला तेव्हा उन्हाळा होता. खाली परतवाडा भाजत होता, वर मात्र वारा होता. जाताना त्याने ताईंसाठी संत्र्याची बर्फी घेतली. पूर्वी कधी काही नेल्याचं त्याला आठवेना.

ताई पायरीवर बसल्या होत्या. आता बारीक झाल्या होत्या. त्यांनी बर्फी घेतली आणि तिथेच एक तुकडा मोडून खाल्ला.

सारंगने त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तुमचं न ऐकता नवं पान केलं, शेवटच्या पिशवीची अट गाळली, त्यातून काय झालं, सगळं. सांगताना तो खाली बघत होता.

ताईंनी मध्ये एकदाच विचारलं.

“ती बाई?”

“बरी आहे. मुलगी झाली तिला. मी जाऊन आलो.”

ताईंनी मान हलवली. 

“तक्रारी संपल्या सगळ्या,” तो म्हणाला. “आणि ताई, एक ठरवलंय. नव्या ऑर्लोचा विषय मी बंद केला. दुरुस्ती बंद झाली तर होऊ दे, मी स्वतः करीन. तुमचं काम आहे तसं जपीन. त्यातल्या एका ओळीलाही कुणाला धक्का लावू देणार नाही.”

त्याला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. वाटेत तो त्या क्षणाचाच विचार करत आला होता.

ताई उन्हाकडे बघत होत्या…

“लॅपटॉप आणलायस?”

त्याने उघडून दिला. ताईंनी चष्मा लावला. बोटं सावकाश चालत होती, पण चुकत नव्हती. कुठे काय ठेवलंय ते त्यांना अजून पाठ होतं. जुन्यात जुनी फाइल त्यांनी काढली, जिच्यात रक्त मागायचं ते पान होतं. त्यांनी स्वतः पहिल्यांदा लिहिलेली. ती निवडली आणि लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला.

“पूस.”

“काय?”

“ही फाइल. पुसून टाक.”

सारंगने त्यांच्याकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या.

पुसलं तरी ते परत आणता येतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. सगळ्याच्या प्रती जपलेल्या असतात. एक कळ दाबायची, एवढंच होतं. पूर्वी त्याने अशा कितीतरी फाइली जेवता जेवता उडवल्या होत्या.

त्याने बोट कळीवर नेलं.

तिथे ते राहिलं…

त्याला ती पंख्याखालची परिचारिका दिसली. रेंज गेल्यावर फोन उंच धरून व्हरांड्यात फिरणारा डॉक्टर दिसला. मेळघाटच्या त्या दवाखान्यात खाटेवर बसलेली बाई, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी, आणि ‘तुम्ही कोण?’ असं त्या बाईने विचारल्यावर काय सांगावं हे न सुचून उभा राहिलेला तो स्वतः.

वाऱ्याने अंगणातली पानं सरकत कुंपणापर्यंत गेली. ताई वाट बघत होत्या. घाई नव्हती त्यांना.

शेवटी त्याने हात मागे घेतला.

“नाही होत, ताई.”

“का?”

“यात काय आहे ते मला माहीत आहे.”

ताईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. त्यांचे डोळे ओले होते की वाऱ्याने तसे दिसत होते, ते सारंगला सांगता आलं नसतं. त्यांनी हात पुढे केला आणि त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप अलगद मिटला.

“हात अडला ना?” त्या म्हणाल्या. “मग आता पाडायची वेळ झाली.”